लाखेच्या सीलातली लाकडी तलवार

मी तलवार बोलतेय. दचकलात? बसा, बसा. पांगाऱ्याच्या लाकडाची आहे मी. माझ्यानं कांदासुद्धा चिरत नाही.

भातकुलीजवळच्या एका सुतारानं मला तासलं. मैनाबाईनं खळ लावून वरून चकाकती बेगड चिकटवली. तिचा लेक सूर्यभान गावच्या दंडारीत, म्हणजे रातच्या नाटकात, राजा व्हायचा. त्यानं मला उपसलं की पुढं बसलेली पोरं बापाच्या धोतरात तोंड लपवायची. मला आतल्या आत गुदगुल्या! खऱ्या पोलादाला तरी एवढा मान मिळाला असेल का?

मग अमरावतीच्या वाटेवर दरोडा पडला. पाच जण, हातात तलवारी. जमादाराला दरोडेखोर काही सापडेनात. सूर्यभानच्या घरात आढ्याला मी सापडले. हातात घेताच त्याला कळलं, माझं वजन ते किती! पण पंचांसमोर “तलवार!” म्हणून ओरडून झालं होतं. आता माघार घेईल तो जमादार कसला? मला फडक्यात शिवलं, दोरी बांधली, गाठीवर लाख ओतली. सूर्यभान तुरुंगात.

जामिनाच्या दिवशी मैनाबाई तापानं फणफणत कोर्टात आली. वकील मोरोपंत म्हणाले, “साहेब, आधी हत्यार तर उघडून पाहा.”

“लाकडाची हाय जी ते! म्याच बेगड लावली तिले,” मैनाबाई बोलली.

“ए म्हातारे, सरकारी सील हाय! खटल्याच्या आंधी तुटत नाई,” जमादार गुरकावला.

साहेबांनी फडक्याचा आकार पाहिला. दरोड्याचा आरोप, घरात तलवार. जामीन नामंजूर.

“मंग लेकाले मी कवा पाहू जी?”

साहेबांनी पुढचं प्रकरण पुकारलं.

खटला उभा राहिला तोवर मैनाबाई गेली. मग सील तुटलं, मी बाहेर आले, आणि अख्खं कोर्ट हसलं. साहेबांनी तोंडाला रुमाल लावला. जमादारही हसला, मेला! जन्मभर मी लोकांची फजिती करत आले. पण त्या हसण्यानं अंगाची आग झाली.

सूर्यभान तेवढा हसला नाही. “माय जित्ती होती तवा काहून नाई उघडलं?” त्यानं विचारलं. त्याला म्हणाले, सुटलास, घरी जा.

आता मी पुन्हा आढ्याला आहे. बेगड सुटून लोंबतेय. चिकटवणारी राहिली नाही.

कोर्टातल्या शहाण्यांनो, एकच दिवस मला पोलादाची करा. भिऊ नका, माणूस नाही कापणार. ती सीलाची दोरी तेवढी कापीन.