कोरडे हात

व्हिसाच्या ऑफिसातल्या हिरव्या काचेवर भाचीने चार बोटं ठेवली आणि समोरच्या पडद्यावर चार पांढरे ठिपके उमटले. ठशाची एक रेष म्हणून नाही. काउंटरवरच्या बाईने काच पुसली, बोटं पुसायला लावली, पुन्हा ठेवायला लावली. पुन्हा ठिपके.

"काम काय करता तुम्ही?"

"कपडे धुते," भाची म्हणाली.

"लॉन्ड्री आहे माझी," मागून आत्या गरजली. "इस्पितळाच्या चादरी माझ्याकडे येतात. एक डाग शोधून दाखवा."

बाईला हसू आलं. "मावशी, डागांबरोबर पोरीची बोटंही साफ केलीत. आता पाण्याला, साबणाला हात लावू देऊ नका. महिनाअखेरीला या. तेव्हाही ठसे आले नाहीत तर अर्ज परत जाईल, आणि कॉलेज काही हिच्यासाठी थांबणार नाही."

आईबापामागे भाचीला आत्यानेच वाढवलं होतं, तेही हौदाच्या काठावर. पोर परदेशी शिकायला जाणार हे तिने गल्लीभर मिरवून सांगितलं होतं. जाऊ नकोस, हे दोन शब्द मात्र नाक आडवं आल्यामुळे तोंडापर्यंत कधी पोचलेच नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून भाची बसून राहिली. हातांना मलम, वर सुती मोजे.

"मलाही लाव की थोडं मलम," इस्त्री फिरवता फिरवता आतोबा म्हणाले.

"तुम्हाला कोण बोलावतंय परदेशात? शेजारची गल्लीसुद्धा बोलवायची नाही!"

हौदातून वाफ उठायची, खिडकीतल्या उन्हात पांढरी होऊन तरंगत राहायची. वाळत घातलेल्या चादरींमधून भाची मोज्यातले हात पुढे धरून फिरायची, झोपेत चालल्यासारखी. कधी चादरीआड दिसेनाशी व्हायची आणि भलत्याच टोकाला उगवायची. घड्याळ चालत होतं, पण दुकानातली दुपार जागची हलत नव्हती.

जिला इतकी वर्षं 'आटप' आणि 'उचल' यापलीकडे शब्द मिळाला नव्हता, तिचे केस आता आत्या धूत होती. कोमट पाण्यात ते मोकळे सुटायचे, आत्याच्या बोटांभोवती अलगद फिरायचे. आत्या धुतच राहायची.

"तिथे कोण धुणार आहे गं, मेले?"

"मीच धुवीन. हात असतील की."

"हो, मोठी हातांची!"

रोज उन्हात मोजे काढून आत्या बोटांची टोकं निरखायची. आधी काहीच दिसेना. मग वाऱ्याने थरथरलेल्या पाण्यासारखं काहीतरी उमटायला लागलं.

"आल्या का गं रेषा, आत्या?"

"येतायत," आत्या म्हणायची, आणि घाईने मोजे परत चढवायची.

एका दुपारी आतोबा कपडे पोचवायला गेले होते. उकाड्याने मोजे काढून भाची कोरड्या चादरींच्या ढिगावर झोपून गेली होती. हात घसरला होता आणि खाली ब्लीचचा टब होता. प्रत्येक श्वासाबरोबर बोटं केसभर खाली येत होती.

आत्या दारात थबकली. सगळं दुकान वाफेत विरघळल्यासारखं झालं, भिंती कुठेतरी लांब गेल्या, चादरी आपोआप फुगल्या. उरला तो एक हात आणि खालचं निपचित पाणी. काही करायचंच नव्हतं. फक्त उभं राहायचं होतं. बोटं बुडली असती, पोर झोपेत तशीच पडून राहिली असती, आणि राहिलीच असती. इथेच. कोणी आत्याला बोल लावला नसता.

मधलं बोट पाण्याला टेकलं. एक लहानसं वर्तुळ उठलं आणि टबभर पसरत गेलं.

आत्याने झडप घातली. हात उचलला, चांगल्या पाण्याने खळबळून काढला, कमरेच्या फडक्याने एकेक बोट टिपलं.

"आत्या, काही धुवायचं राहिलंय का?" भाचीने डोळे न उघडताच विचारलं.

"तुझं डोकं राहिलंय. टबाशेजारी झोपतात का कुणी? सरक तिकडे."

भाची सरकली आणि पुन्हा झोपली. आत्या तिचं मनगट धरून बसली. आतोबा आले, त्यांनी दोघींकडे पाहिलं, आणि पाय न वाजवता जाऊन इस्त्री तापत ठेवली.

महिनाअखेरीला ऑफिसात नऊ बोटं मुकाट उमटली. करंगळी आढेवेढे घेत होती.

"दाब गं! खाल्लेलं जातं कुठे तुझं?"

"मावशी, हळू," दारावरचा शिपाई म्हणाला.

पडद्यावर रेषा दाटत गेल्या, वळसे घेत एकात एक मिसळल्या. बाईने मान हलवली. "आले. आता अर्ज पुढे जाईल. उडायच्या तयारीला लागा."

घरी आल्यावर भाची हौदापाशी उभी राहिली. "आता घालू पाण्यात हात?"

"घाल की. का आयतं बसायची चटक लागली?"

दोघींनी एक ओली चादर बाहेर काढली, दोन टोकांना उभ्या राहिल्या आणि उलट्या दिशांनी पीळ द्यायला लागल्या. पाण्याची धार लागली, बारीक झाली, थांबली.

"पुरे आत्या. निथळली."

"पुरे काय पुरे? धर घट्ट."

चादरीत थेंब उरला नव्हता. तरी आत्या पीळ देत राहिली, आणि पलीकडून भाचीही.