टेपवरचा लाल ठिपका

"लहानपणी मी यावर दिवसदिवस खेळायचो," धाकटा भाऊ माइकवर गहिवरून म्हणाला, आणि जुन्या कॉम्प्युटरच्या त्या प्रदर्शनात जमलेल्या टकल्यांचे डोळे पाणावले. पन्नाशीचे बाप्ये, पण प्लास्टिकच्या खोक्यांपुढे असे उभे, जणू घरातलं माणूस गेलंय.

खेळायचा हे खरं. पण बंद केलं की त्या यंत्राच्या डोक्यात काही उरत नसे. रोज कॅसेटवरून गेम नव्याने चढवावा लागे, आणि ते काम माझं. टेपचा आवाज जरा कमीजास्त झाला की सगळं मुसळ केरात. हा आपला मागे लोळत "ताई, झालं का?" एवढंच विचारायचा.

आता त्याने ऐटीत टेप सुरू केला. एरर. परत लावला, पहिले पाढे पंचावन्न. जमलेले तज्ज्ञ उगाच वायरी हलवू लागले. शेवटी तो घाम पुसत माझ्याकडे आला.

"ताई, आवाज किती ठेवायचीस गं?"

"चाळीस वर्षं झाली, आता काय डोंबल आठवणार? बटणाशेजारी नेलपॉलिशचा ठिपका दिला होता मी. बटण त्यावर आणायचं."

त्याचा चेहरा पडला. टेपपुढच्या पाटीवर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'मूळ स्थितीतला टेप. एक लाल डाग होता, तोही दोन दिवस घासून काढला.'