जीपची पाटी

वडीगोद्रीच्या इंद्रभानचं टाळकंच सरकलं. पोरगा भागवत जीपसकट ट्रकखाली गेला, त्याला दोन वर्षं झाली. भंगारात दिलेली जीप जालन्याच्या भट्टीत वितळून तिच्या सळया झाल्या, तरी बँक दर दिवाळीला तिच्या विम्याचा हप्ता इंद्रभानच्या खात्यातून परस्पर कापून राह्यली होती.

"जीपच न्हाई, मंग विमा कशाचा करता?" तो बँकेच्या खिडकीशी गरजला.

"काका, दरसाल आपोआप करा म्हणून तुमचीच सही हाय," कारकून म्हणाला. "गाडी मोडली तर नंबराची पाटी जमा करा, आजच बंद करतो."

जीप भंगारात देताना काढून ठेवलेली पाटी इंद्रभाननं बायकोला, आसराबाईला न सांगता पुरावा म्हणून आणली होती, ती पिशवीतून काढली. आकडे भागवतनं स्वतः रंगवले होते. दोन्ही दसऱ्यांना त्याच्या आईनं ती देव्हाऱ्यापुढं ठेवून पुजली होती. कुंकवाखाली निम्मे आकडे झाकले होते.

"नंबर दिसंना," म्हणत कारकुनानं फडकं ओलं केलं आणि कुंकू पुसायला घेतलं.

इंद्रभाननं पाटी हिसकावली, धोतराच्या सोग्यात गुंडाळली.

"काप," तो म्हणाला. "दरसाल काप."