दाढी काढली त्या दिवशीचा फोटो

सेल्बीला मी सतरांदा सांगितलं होतं, आधी फोटो काढू, मग दाढी कर. पण बायकोचं ऐकेल तर तो माझा नवरा कसला! सकाळी न्हाणीघरातून बाहेर आला तो गुळगुळीत हनुवटी मिरवतच. "उद्या विमानात बसायचंय, परवा मास्कची तपासणी. तिथं एक खुंटही चालत नाही. म्हटलं, आजच उरकून टाकू. फोटोत जरा माणसासारखा दिसेन."

आमच्या जोझीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि असं भोकाड पसरलं, की शेजारची म्हातारी काय झालं म्हणून कुंपणाशी आली.

पोरगी दीड वर्षाची. ती झाली तेव्हापासून सेल्बी इथंच, न्यूफाउंडलंडच्या बेटावर, खेकडे पकडायच्या बोटीवर. छातीपर्यंत दाढी. त्या दाढीत बोटं गुंतवल्याशिवाय बाईसाहेबांना झोप येत नसे. आता मालकाने बोट विकली, आणि अर्ध्या गावासारखा हाही निघाला हजारो मैल लांब अल्बर्टाला, तेलाच्या खाणीवर. तिथं विषारी वायू, म्हणून तोंडावर मास्क, आणि मास्क घट्ट बसावा म्हणून दाढी नको. जायच्या आधी त्याचं एकच मागणं होतं. तिथल्या खोलीत लावायला एक फोटो हवा, आमचा थोरला कॉडी शेजारी आणि जोझी त्याच्या कडेवर.

फोटो काढणार माझी नणंद, मॅक्सीन. तिने फर्मान काढलेलं, सगळ्यांनी पांढरे शर्ट घालून समुद्रावरच्या खडकावर यायचं. इथं ज्याच्या त्याच्या भिंतीवर तोच फोटो आहे, तोच खडक, तेच पांढरे शर्ट. पाच वर्षांच्या पोराला पांढरा शर्ट घालून ओल्या शेवाळावर उभं करायचं, ही अक्कल कुणाची, देव जाणे. आमच्या पिकअप ट्रकमधून उतरल्या उतरल्या कॉडी डबक्यात बसला.

"कॉडी! ऊठ तिथून!"

"मम्मी, इथं खेकडा आहे."

"असू दे खेकडा! आत्याकडे बघ!"

"आत्याकडे खेकडा नाही."

वारा तर असा, की माझे केस माझ्याच तोंडात. मी एका हाताने कॉडीचा शर्ट पिळतेय, दुसऱ्या हाताने जोझीला धरलंय, आणि ती माझ्या मानेला गोचिडीसारखी चिकटलेली. सेल्बीने हात पुढे केला की किंचाळायची. त्याने लाडीगोडी लावली, जेलीच्या गोळ्या दाखवल्या. तिने गोळी घेतली आणि पुन्हा किंचाळली. मॅक्सीन तिकडून ओरडतेय, "हसा की जरा! मयताला आल्यासारखे काय उभे राहिलात?"

"तू ये इकडे आणि हसून दाखव!" मी म्हटलं. खरंच रडायला आलं होतं मला.

"ग्लेंडा, तूच घे तिला," मॅक्सीन मला म्हणाली. "सेल्बी मागे उभा राहील."

"नाही," सेल्बी म्हणाला. "माझ्याच कडेवर हवी."

तेवढ्यात समुद्रावरून धुकं सरकायला लागलं. आता थोड्याच वेळात कुणाला काही दिसणार नव्हतं, आणि उद्या हा घरात नसणार. मग मॅक्सीनलाच सुचलं. "पाठमोरी दे त्याच्याकडे. तिला त्याचं तोंड दिसायलाच नको. आणि सेल्बी, तू ब्र काढू नकोस."

तसंच केलं. त्याने मागून हळूच तिला कमरेत धरलं, मी दबकत बाजूला झाले. जोझी तोंडात अंगठा घालून गप्प बसली. कॉडीसुद्धा कधी नव्हे तो सरळ उभा राहिला.

"आता हसवा कुणीतरी तिला," मॅक्सीन म्हणाली.

आणि आमचे महाराज विसरले. रोजच्या सवयीने बोलून गेले, "कुठंय माझी मासोळी?"

जोझीचा चेहरा असा फुलला! अंगठा बाहेर आला. "डाडा!" ती ओरडली आणि दोन्ही हात पसरून बघायला लागली. मागे नाही, वर रस्त्यावर. तिथं आमचा ट्रक उभा होता. रोज संध्याकाळी तिचा डाडा त्याच्यातूनच उतरायचा.

"जमलं!" मॅक्सीन नाचायचीच बाकी होती. "काय गोड हसली गं! सेल्बी, परत बोल, परत बोल!"

सेल्बीने ट्रककडे पाहिलं, मग तिच्या पसरलेल्या हातांकडे. मला वाटलं, आता हा तिला वळवेल आणि म्हणेल, अगं, हा काय मी. त्याने तिच्या केसांमागे तोंड लपवलं आणि पुन्हा विचारलं, "कुठंय माझी मासोळी?" ती खिदळली आणि ट्रकला हाका मारायला लागली, "डाडा! डाडा!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या मास्कवर, त्या अल्बर्टावर, सगळ्यांवर. "बंद कर तो कॅमेरा, मॅक्सीन! झालं तेवढं बास झालं!" मी पोरीला घ्यायला पुढे धावले.

सेल्बीने तिला सोडलं नाही.

"राहू दे गं, ग्लेंडा," तिच्या केसांमागूनच तो म्हणाला. "मी बोलतोय तोवर रडत नाहीये ती."