झबलं कुणाला घालायचं?

प्रयोगशाळेत तिला सगळे सोनारीण म्हणत. सोनं ती बनवायचीच, पण ते पिवळं नसे. त्याचे कण इतके बारीक, की पाण्यात असले की पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसे. कण एकमेकांना चिकटले की तेच पाणी जांभळं होई, मग निळं. निळं म्हणजे खेळ खलास.

हे कण औषध घेऊन शरीरात जायचे होते. पण रक्त खारट आणि मिठाने कण चिकटतात, म्हणून प्रत्येकाला अंगभर आवरण हवं. जुनं आवरण साबणाच्या जातीचं होतं. ते कणांना जपे आणि पेशींना मारी. सोनारणीचं आवरण पेप्टाइडचं होतं, म्हणजे प्रथिनाचाच छोटा तुकडा, शरीराच्या ओळखीचा.

फक्त ते बसत नव्हतं. सकाळीच विभागप्रमुख बाईंनी दारातून सांगितलं होतं, "आजही निळं झालं तर पुन्हा साबण. किती दिवस लाड करायचे?"

सोनारीण पिपेटने सोन्यात थेंब थेंब पेप्टाइड सोडत होती. कडेने जांभळी झाक आलीच.

"तोंड का असं? एरंडेल प्यायलीस का?" शेजारच्या टेबलावरून पेशीवाल्याने विचारलं. तो पेशी वाढवायचा आणि घरी तान्हं मूलही.

"इतकं हळूहळू घालतेय, तरी चिकटतंय रे."

"हळूहळूचं नाव काढू नकोस. काल पोराला हळूहळू झबलं घालत होतो. एक हात बाहीत गेला, दुसरा सापडेपर्यंत त्याने माझाच शर्ट धरला. बायको म्हणाली, 'अहो, झबलं पोराला घालू नका, पोराला झबल्यात घाला!'"

सोनारणीचा हात थांबला. "परत म्हण."

"काय, 'अहो'? ते ती फक्त चिडल्यावर म्हणते."

पण सोनारीण ऐकत नव्हती. थेंबाथेंबाने घातलं तर सुरुवातीला सगळ्यांना पुरेल इतकं पेप्टाइड नसतंच. अर्धवट झाकलेला कण उघड्या शेजाऱ्याला धरून बसणारच!

तिने नव्या चंबूत भरपूर पेप्टाइड घेतलं, ते जोरात फिरत ठेवलं आणि सोनं एकदम ओतलं. लाल. मग मिठाचं पाणी घातलं.

बाई येऊन चंबूवर वाकल्या. "जांभळं दिसतंय गं."

"तो तुमचा हातमोजा आहे, बाई."

बाईंनी हात मागे घेतला. लालच होतं. "मिठात टिकलं. पेशींचं काय?"

पेशीवाल्याने ते सोनं रात्रभर पेशींवर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"बोल की मेल्या!" सोनारीण म्हणाली.

"मेल्या असत्या तर गोल होऊन तरंगल्या असत्या. या तर पाय पसरून बसल्यात, जेवण झालेल्या पाहुण्यांसारख्या."

बाईंनी त्याला बाजूला सारलं आणि स्वतः पाहिलं. बराच वेळ. मग फोन उचलून त्या भांडाराला म्हणाल्या, "साबण नको. पेप्टाइड मात्र जास्त पाठवा, आमची सोनारीण आता सढळ हाताने ओतायला लागलीय."