बांधाखालचं पाणी

उमाजी मागच्या दारात उभा राहून काचेचा गिलास मागत होता. मी पितळेचं भांडं पुढे केलं तर त्यानं मान हलवली.

"काचाचाच पायजे, बाई. मपला फुटला सकाळी. पितळंत पाण्याचा रंग दिसत न्हाई."

लग्नात आलेल्या सहा गिलासांतले चार उरले होते. त्यातला एक दिला. तो निघाला तशी पद्माला कडेवर घेऊन मीही त्याच्या मागे गेले. गिलास मागायला आलेल्या माणसाचा चेहरा इतका ओढलेला नसतो.

आमचं क्वार्टर बांधाच्या खालच्या अंगाला होतं, साठ पावलांवर. ती पावलं मी आल्या आठवड्यातच मोजली होती. खिडकीतून बांध दिसायचा, पाणी दिसायचं नाही. दोन वर्षांच्या पोरीला उशाशी घेऊन झोपायचं आणि डोक्याच्या वर एक अख्खा तलाव आहे हे विसरायचं, हे मला कधी जमलं नाही. पद्माला उचलून पलीकडच्या खडकावर पोचायला किती वेळ लागेल याचाही मी अंदाज घेऊन ठेवला होता. आमचे हे हसायचे. हे म्हणजे केशवराव, त्या तलावाचे ओव्हरसीअर. शहराबाहेर, तारनाक्याच्या पुढे, माळाच्या उतारावर हा लहानसा तलाव होता. खाली थोडी भातशेती, आणि नाल्याकाठी दगडफोड्यांच्या तीसेक झोपड्या.

उमाजी तिथला नीरडी. आमच्या मुलखात तलावाचं पाणी राखणाऱ्याला नीरडी म्हणतात. मूळचा कंधारकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. बांध घातला त्या साली मातीकामाला आला आणि अठरा वर्षं तिथंच राहिला. बायको वारली, लेक सासरी गेली, हा बांधावरच. पिंपळाचं रोप दिसलं की उपटायचं, खेकड्यांची बिळं बुजवायची. रविवारी शहरातून सुलतान बाजाराकडची मंडळी टिफिनचे डबे घेऊन हवा खायला यायची आणि बांधाची माती उकरून चुली मांडायची. ती गेली की हा एकेक खड्डा भरून धुम्मसानं चोपत बसायचा. "ह्यान्ला भज्याचा शौक, मला मातीचा," म्हणायचा.

बांधाच्या पायथ्याशी बोटाएवढी धार झिरपायची. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी घाबरले होते. त्यानंच समजावलं होतं की मातीचा बांध माणसासारखा घामेजतो, त्याला भ्यायचं नाही. बघायचा तो पाण्याचा रंग. स्वच्छ असलं तर नुसतं पाणी येतंय. गढूळ असलं तर बांधाच्या पोटातली माती वाहून येतेय, आत पोकळी पडतेय. म्हणून रोज सकाळी तो गिलास भरायचा, उन्हात धरायचा आणि रजिस्टरात लिहायचा.

त्या दिवशी त्यानं गिलास भरला आणि माझ्या हातात दिला. थोड्या वेळानं तळाशी तांबूस गाळ बसला. बोटभरही नव्हता. पण होता.

किती दिवसांपासून, विचारलं तर म्हणाला, चार.

तो सप्टेंबर होता. पोलीस ॲक्शन होऊन जुनी राजवट गेली, त्याला वर्ष पुरं होत होतं आणि खात्यात सगळी उलथापालथ झाली होती. नवे साहेब नागपूरकडून आलेले, तरुण, भराभर चालणारे. उमाजीनं पहिल्याच दिवशी त्यांना "हुजूर" म्हटलं, तर म्हणाले, हुजूर गेले, आता मी नोकर आहे जनतेचा. उमाजीनं मान डोलावली आणि म्हणाला, "जी, हुजूर." साहेब सोडून सगळे हसले.

या साहेबांनी वर्षदिनाचा कार्यक्रम आमच्या तलावावर ठरवला होता. शनिवारी पाहुणे, बायकामुलं, फराळ, दोन नावा. नावा पायऱ्यांना लागाव्यात म्हणून पाणी काठोकाठ हवं होतं. आणि उमाजी म्हणत होता, तूम उघडा, दीड-दोन हात पाणी उतरू द्या, मग बांधाला आतून माती भरू. तूम म्हणजे बांधाच्या पोटातून पाणी सोडायचं दार. त्याच्या चाकाला साखळी-कुलूप असायचं आणि किल्ली आमच्या घरात, खुंटीवर.

यांनी साहेबांच्या कानावर घातलं. लेखी आणा, असं उत्तर आलं. उमाजीचं रजिस्टर उर्दूत, आणि साहेबांना उर्दू येत नव्हतं. माझं सगळं कॉलेज उर्दूतून झालेलं. दुपारी पद्मा निजल्यावर मी ते रजिस्टर घेऊन बसले. अठरा वर्षांची पानं, जुन्या राजवटीतली फसली सालं, आबान, आजूर, दै असे महिने, आणि रोजच्या तारखेपुढे एकच शब्द, साफ. अक्षर मोत्यासारखं. कोणत्या मौलवीसाहेबांकडे शिकला होता, कोण जाणे. बायको गेली त्या दिवशीही साफ. गेल्या वर्षी माणसं घरं सोडून पळत होती त्या महिन्यातही साफ. शेवटच्या चार ओळींत गदला, म्हणजे गढूळ. गदला, गदला, गदला.

त्यावरून मी इंग्रजीत रिपोर्ट तयार केला. पाऊण पान. यांची सही तेवढी हवी होती.

यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "जुन्या राजवटीतल्या माणसांची यादी चाललीय वर. आत्ता कार्यक्रम मोडला तर काय म्हणतील?"

"आणि बांध मोडला तर?"

"अठरा वर्षं मोडला नाही."

त्यांना दोष देणं सोपं आहे. पण वर्षभरात हा माणूस किती दारांशी उभा राहिला होता, किती जणांना आपण कोणाकडचे हे सांगत बसला होता, ते मी पाहिलं होतं. त्यांनी कागद ट्रंकेत ठेवला. उद्या बघू म्हणाले. उद्या म्हणजे गुरुवार, आणि गुरुवारी त्यांना साहेबांनी पताका नि सतरंज्या आणायला बेगम बाजारला पिटाळलं.

ते गेल्यावर उमाजी आला. बसला नाही. गिलासाबद्दलही बोलला नाही.

"बाई, लेकराला घिऊन दोन दिस माहेरी जावा. सुलतान बाजार काई लांब न्हाई."

मी विचारलं, आणि खालच्या झोपड्या?

"त्यान्ला कुठलं माहेर?"

मी आत गेले, खुंटीवरची किल्ली काढली आणि उंबऱ्यावर ठेवली. तो तिच्याकडे बघत राहिला.

"हुकूम न्हाई, बाई."

"मी हुकूम देत नाहीये. मी पद्माला निजवायला आत जातेय."

किल्ली त्याच्या हातात दिली नाही. उंबऱ्यावर ठेवली. तेवढं अंतर मी तेव्हाच राखलं होतं, हे पुढे कळलं. पद्माला थोपटून बाहेर आले तेव्हा उंबरा मोकळा होता. जरा वेळानं कालव्याकडून पाण्याचा आवाज सुरू झाला.

संध्याकाळी हे परतले, पताकांचं गाठोडं खाली ठेवलं आणि तो आवाज ऐकत उभे राहिले. खुंटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला काही विचारलं नाही. तूम बंद करायलाही गेले नाहीत. मला वाटतं, त्यांच्या नोकरीतलं ते सगळ्यात मोठं धाडस होतं.

शनिवारपर्यंत पाणी दीड हात उतरलं. पायऱ्यांखाली चिखल उघडा पडला. एक नाव त्यात तिरकी रुतून बसली, पाहुण्यांच्या चपला भरल्या, कुणाचं तरी रेशमी लुगडं खराब झालं. त्याच सकाळी उमाजीनं मला गिलास आणून दाखवला होता. आतलं पाणी नितळ होतं. ते बघायला आम्ही दोघंच.

मंगळवारी आमच्याच व्हरांड्यात टेबल मांडून चौकशी झाली. साहेब, एक कारकून, बाजूला उभे केशवराव. मी चहा घेऊन दारात. साहेबांनी रजिस्टर उघडलं, दोन पानं उलटली आणि कारकुनाकडे सरकवलं. मग उमाजीला विचारलं, पाणी का सोडलं. त्यानं सांगितलं. बांध तर शाबूत आहे, साहेब म्हणाले. फुटला असता तरच उमाजीचं खरं ठरणार होतं.

"किल्ली ओव्हरसीअरच्या घरात असते. कुणी दिली?"

यांची मान खाली गेली. माझ्या हातात तीन कपांचा ट्रे होता.

"म्या घेतली," उमाजी म्हणाला. "खुंटीवरची. घरात कुणी नव्हतं."

"म्हणजे न विचारता घरात शिरलास. ही चोरी होते, समजतं ना?"

"समजतंय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. ट्रंकेत रिपोर्ट होता, तोही उघडता आला असता. पण मी यांच्या कानामागे फुटलेला घाम बघत होते आणि पद्माचं दूध, या महिन्याचं, पुढच्या महिन्याचं, असलंच काहीतरी डोक्यात चाललं होतं. ट्रेमधला एकही कप वाजला नाही, इतकी मी स्थिर उभी होते.

कारकुनानं जबानी लिहिली. उमाजीला नोकरीवरून कमी केल्याचा कागद आधीच तयार होता. दोन्ही पुढे केले. उमाजीनं टाक घेतला, टोक शाईच्या दौतीला पुसलं आणि उजवीकडून डावीकडे आपलं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, सावकाश.

कारकुनानं कागद साहेबांना दाखवला. ही सही वाचणार कोण, साहेब म्हणाले, अंगठा घ्या.

शाईची गादी आली. उमाजीला वाटलं असेल की काहीतरी चुकलं, कारण तो क्षणभर आपल्या सहीकडेच बघत होता. मग त्यानं डावा अंगठा पुढे केला. कारकुनानं तो धरून त्याच नावावर दाबला.

मी त्याला चहा दिला. त्यानं उभ्या उभ्या घेतला, कप पायरीवर ठेवला आणि निघाला. तेवढ्यात पद्मा आतून धावत आली आणि रोजच्यासारखी त्याच्या डाव्या हाताच्या बोटाला लोंबकळायला गेली. त्यानं ती मूठ मिटून पाठीमागे नेली, वाकला, आणि उजवा हात पुढे केला.

"ह्यो धर, माय," म्हणाला. "ह्यो सोच्छ हाय."