हिला काय लागतंय!

मित्रांनो, मी एक जुनी, छोटी मोटार आहे. दोनच सिलिंडर, तेही मागच्या बाजूला. पोलंडच्या डोंगरातल्या एका गावात, झेनॉनच्या पडवीत मी उभी असते आणि कोंबड्या माझ्या टपावर बसतात. पण त्या दिवसाचा धक्का अजून ओसरलेला नाही हो!

कारखान्यातून आले तेव्हा झेनॉनला आभाळ ठेंगणं झालं. "साडेसहाशे सीसी! नुसत्या वासावर पळते," असं तो गावभर सांगायचा. मीही फुशारून जायचे. पेट्रोल तेव्हा रेशनकार्डावर, मोजूनमापून मिळे. इंजिन लहान, तर वाटाही लहान. तरी शेजारचा बोगुमिल रबरी नळी घेऊन हजर. त्याची गाडी पंधराशे सीसीची, पाण्यासारखं पेट्रोल पिणारी.

"दे रे थोडं, झेनॉन. तुझ्या गाडीला काय लागतंय!"

आणि हा शेखी मिरवायच्या नादात देऊन टाकायचा.

एकदा बोगुमिल असंच पेट्रोल नेऊन रानात अळंबी गोळा करायला गेला. आणि दुपारी झेनॉनच्या बायकोला, लुडकाला, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. झेनॉनने पेट्रोलचा काटा पाहिला. "आरामात पुरेल!" म्हणाला. हिशोब सगळा सपाट रस्त्याचा, इस्पितळ घाटापलीकडे. आत लुडका, तिची आई, गाठोडी. मित्रांनो, लहान इंजिनावर एवढा भार घालून चढण चढवली, की ते खालच्या गिअरमध्ये बोंबलत धावतं आणि नेहमीच्या दुप्पट पितं. हे मलाच ठाऊक नव्हतं! टाकी आटत गेली तसा माझा स्वतःवर विश्वास बसेना. एका वळणावर आचके दिले आणि बंद पडले.

"अगं बाई, थांबली!" लुडका किंचाळली.

"वासावर पळते ना?" सासू जावयावर कडाडली. "मग घे वास आणि पळव! पोर इथंच होतंय, मेल्या!"

झालंच. माझ्या मागच्या सीटवर वीतभर पोर जन्मली आणि रडेचना. झेनॉन पांढराफटक पडला. सासूने तिची पाठ चोळली, पुन्हा चोळली. आणि मी? जागची हलूही शकत नव्हते. किती लाज वाटली म्हणून सांगू! शेवटी एकदाचं बारीक रडू ऐकू आलं.

रानातून परतणाऱ्या बोगुमिलने सगळ्यांना आपल्या गाडीत घालून इस्पितळ गाठलं. त्या गाडीत माझंच पेट्रोल होतं.

पोर वाचली. घरी आणली ती माझ्यातूनच. बोगुमिल खिडकीतून डोकावून हसला, "एवढीशी तर आहे. हिला काय लागतंय!"

झेनॉन गर्रकन वळला. "पुन्हा असं बोलायचं नाही! कुणाबद्दलच नाही!"

बोगुमिलचा चेहरा खर्रकन उतरला. तो घरी गेला, गाडी आणि नळी घेऊन आला आणि आपल्या गाडीतून माझी टाकी भरू लागला.

मित्रांनो, लहानाला थोडंच लागतं. पण तेवढं तरी त्याच्यापाशी राहू द्या.